घराचा कार्बन हिशेब: आधी वही, मग खरेदी, मग सोसायटीची सभा

“मी एकट्यानं कापडी पिशवी नेली म्हणून काय जग सुधारणार आहे?” घराघरांत हा प्रश्न निघतो आणि त्यावर दोन ठरलेली उत्तरं येतात. एक जण म्हणतो, थेंबे थेंबे तळे साचे. दुसरा म्हणतो, आधी कारखान्यांना सांगा, मग आम्हाला. दोघांच्याही बोलण्यात आकडा नसतो. कोणता थेंब चमचाभर आणि कोणता घागरभर हे न बघता तळं भरायला निघालं की माणूस दमतो आणि तळं कोरडंच राहतं. म्हणून आधी हिशेब. त्याला एक रविवार सकाळ पुरते.

लागणारं साहित्य: वर्षभराचं लाइट बिल, गॅस सिलिंडरच्या नोंदी, पेट्रोलच्या खर्चाचा अंदाज आणि विमानप्रवास झाला असेल तर तो. महावितरणच्या एकाच बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे बारा बिलं शोधत बसू नका. पैसे नको, युनिट घ्या. दर बदलतात, स्लॅब बदलतात, युनिट तेच राहतं.

आता गुणाकार. आपल्या ग्रिडवर, म्हणजे वीज केंद्रांपासून घरापर्यंतच्या विजेच्या जाळ्यावर, अजून कोळशाचं वजन मोठं आहे, म्हणून विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड (पुढे नुसता ‘कार्बन’) धरायचा. एक किलो एलपीजी जळला की सुमारे ३ किलो, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे ४२ ते ४३ किलो. पेट्रोलच्या लिटरला २.३ किलो, डिझेलच्या लिटरला २.७. पुणे किंवा मुंबई ते दिल्ली विमानाच्या एका बाजूच्या एका सीटमागे सुमारे १०० किलो.

नमुन्यादाखल चौघांचं एक घर घेऊ. महिन्याला १८० युनिट, वर्षाला ९ सिलिंडर, स्कूटरला महिन्याला १२ लिटर आणि कारला २५ लिटर पेट्रोल, शिवाय सुट्टीत चौघांची एक विमानाची दिल्ली फेरी. वीज १,५१२ किलो, गॅस ३८३, स्कूटर ३३१, कार ६९०, विमान ८००. एकूण ३,७१६ किलो, म्हणजे पावणेचार टनांच्या जवळ. अन्न, कपडे, घराचं बांधकाम यात नाही. ते धरायला घरगुती साधनं अपुरी पडतात, आणि पहिल्या निर्णयांसाठी त्याची गरजही नसते.

याच वहीत पिशव्यांची ओळ लिहून बघा. वर्षाला ५०० पातळ पिशव्या, प्रत्येकी ५ ग्रॅम, म्हणजे अडीच किलो प्लास्टिक. ते बनवताना पाच-सात किलो कार्बन गेला असेल. ३,७१६ च्या शेजारी हे आकडे ठेवले की पिशवीवरचा वाद जागच्या जागी मिटतो. पिशवी टाळायचीच, पण हवामानासाठी नव्हे. ती टाळायची नाल्यांसाठी, गुरांसाठी. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर तुंबलेल्या नाल्यांमधल्या पिशव्यांची चर्चा झाली आणि महाराष्ट्रानं बंदीचं पहिलं मोठं पाऊल उचललं. पुढची व्यापक बंदी २०१८ च्या जूनपासून अमलात आली. कार्बनची वही वेगळी आणि कचऱ्याची वही वेगळी. दोन्ही एकत्र केल्या की पिशवी घेऊन विमानतळावर जाणारा माणूस निश्चिंत होतो.

पिशवीबद्दल एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. नवीकोरी सुती पिशवी ही काही फुकट मिळालेली वस्तू नाही. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, गिरणीला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ मध्ये काढलेल्या हिशेबात सुती पिशवी १३१ वेळा वापरली तेव्हा कुठे ती एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला आली. प्रत्येक समारंभात मिळणाऱ्या छापील कापडी पिशव्या कपाटात साठत असतील, तर तो नवा कचराच आहे. जुन्या साडीची किंवा चादरीची पिशवी शिवली तर हा प्रश्नच येत नाही, कारण कापड आधीच तयार झालेलं असतं. साडीचा पदर आणि काठ बाजूला ठेवा, मधला भाग दुहेरी घ्या, धरायचे बंद काठाचे लावा आणि जोडाच्या ठिकाणी चौकोनात फुली मारून शिवा. पिशवी फाटते ती नेहमी बंदाच्या जोडापाशी, कापडात नाही.

मोठी घागर: वीज

वरच्या नमुन्यात वीज सगळ्यांत मोठी आहे, आणि बहुतेक शहरी घरांत असंच दिसेल. सुरुवात पंख्यापासून करा. जुना पंखा पूर्ण वेगावर ७५ वॅट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ४५ वॅटचा फरक १६२ युनिट होतो. म्हणजे ११३ किलो कार्बन, आणि युनिटला दहा रुपये पडत असतील तर सोळाशे रुपये. पंख्याची किंमत दोन वर्षांत वसूल होते.

इथे तीन चुका होतात. पहिली, पाहुण्यांच्या खोलीतला पंखा आधी बदलला जातो, कारण तो जुना दिसतो. बदलायचा तो, जो सर्वांत जास्त तास फिरतो. दुसरी, भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच ठेवून बीएलडीसी पंखा हळू फिरवला जातो. त्यातली इलेक्ट्रॉनिक्स त्यानं बिघडतात. रेग्युलेटर काढा किंवा कायम पूर्णवर ठेवा, वेग रिमोटनं बदला. तिसरी, हिशेबच चुकतो. तुमचा जुना पंखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर दोन नंबरावर फिरत असेल, तर तो मुळातच कमी वीज घेतो आणि बचत वरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी निघेल.

मग गरम पाणी. पंचवीस अंशांचं २० लिटर पाणी चाळीसवर न्यायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. तेच शॉवरखाली आठ मिनिटं घालवली आणि मिनिटाला आठ लिटर पाणी गेलं, तर ६४ लिटर आणि १.१ युनिट. बादली आणि तांब्या ही आपली जुनी व्यवस्था आकड्यांतही खरी ठरते. गच्चीवर सौर बंब बसवता येत असेल तर उत्तम, पण पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार साचतात आणि दोन-तीन वर्षांत पाणी कोमट यायला लागतं. बोअरचं पाणी असेल तर सफाईची सोय विक्रेत्याकडून आधीच लिहून घ्या. गॅस गीझरचा कार्बन आजच्या विजेच्या गीझरपेक्षा कमी आहे, मात्र तो बंद बाथरूममध्ये कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणसं यात दगावली आहेत.

गॅस की इंडक्शन, हा प्रश्न हल्ली फार विचारला जातो आणि त्याचं उत्तर अनेकांना पटत नाही. एका सिलिंडरमधून चांगल्या शेगडीवर भांड्यापर्यंत पोचणारी उष्णता साधारण ११८ युनिटांइतकी. तेवढंच काम इंडक्शनवर करायला सुमारे १४० युनिट लागतात, म्हणजे ९८ किलो कार्बन. सिलिंडर जाळून ४२ ते ४३. आजच्या ग्रिडवर फक्त कार्बनसाठी शेगडी सोडून इंडक्शन घेणं उलट पडतं. स्वयंपाकघरातल्या हवेसाठी, किंवा छतावर स्वतःची सौर वीज असेल तर, घ्या. हे गणित दर वर्षी बदलणार आहे, कारण ग्रिडमध्ये सौर आणि पवन वीज वाढते आहे. आजचं उत्तर दगडावरची रेघ समजू नका. तोवर प्रेशर कुकर, झाकण आणि भिजवलेली डाळ हे तीन उपाय कोणत्याही चुलीवर चालतात.

महाराष्ट्रात घरगुती ग्राहकालाही हरित वीज, म्हणजे सौर-पवन अशा स्रोतांची वीज, मागता येते. वीज नियामक आयोगानं २०२१ मध्ये त्यासाठी युनिटमागे ६६ पैसे जादा दर ठरवला होता. दर पुढे बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी चालू आकडा पाहा. हा पर्याय घेतल्यावर वापर कमी करायची गरज संपली, असं मात्र धरू नका.

एसीचा गॅस: ज्याचा हिशेब कोणी ठेवत नाही

एसीचं तापमान २४ वर ठेवा, हे सगळे सांगतात. बरोबरच आहे. अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून नव्या एसीचं मूळ तापमानही चोवीसच ठेवलेलं असतं. पण त्याहून मोठी गळती दुसरीकडे आहे.

बाहेरच्या युनिटवरची पाटी वाचा. तिच्यावर गॅसचं नाव आणि वजन असतं. आर-४१०ए लिहिलेलं असेल, तर हवेत सुटलेला त्याचा एक किलो हा सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक आहे. नऊशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. वरच्या नमुन्यातली कार तीन वर्षांत एवढं पेट्रोल पिते. आर-३२ चा त्रास याच्या एक तृतीयांश, आर-२९० चा नगण्य. तेव्हा नवा एसी घेताना तारे मोजण्यासोबत गॅसचं नावही विचारा. ताऱ्यांच्या लेबलवर मुदत लिहिलेली असते, तीही बघा. निकष कडक होत जातात आणि जुन्या मुदतीचे पाच तारे नव्या मुदतीत कमी भरतात.

घर बदलताना कारागीर घाईत पाइप सोडतो आणि फुस्स आवाज येतो. तो आवाज म्हणजे वर सांगितलेले दोन टन. त्याला आधीच सांगा की ‘पंप डाउन’ करूनच काढायचा. म्हणजे एसी थंड मोडवर चालू ठेवून बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन-कीनं बंद करायचा. कॉम्प्रेसर सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो. मिनिटाभरानं जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद करायचा. हे काम त्याच्याकडूनच करून घ्या, स्वतः करू नका. वीज जोडलेली असतानाच हे जमतं, म्हणून मीटर बंद करायच्या आदल्या दिवशी त्याला बोलवा.

आणि दर उन्हाळ्यात ‘गॅस भरावा लागेल’ असं ऐकू येत असेल, तर थांबा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे. आधी सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायला सांगा, गळती बुजवा आणि मगच भरा. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हवेत गेलेला असतो, आणि तुमचे पैसेही.

प्रवास, ताट, नवी वस्तू

१५ किलोमीटर मायलेजच्या कारमधून एकट्यानं जाताना किलोमीटरला दीडशे ग्रॅम. ४५ मायलेजच्या स्कूटरला पन्नास. विजेच्या स्कूटरला, कोळशाची वीज धरूनही, पंचवीसच्या आसपास. चाळीस प्रवाशांच्या एसटीत माणशी पंधरा. कार चौघांनी भरली की माणशी अडतीस. इलेक्ट्रिक की पेट्रोल यापेक्षा गाडीत माणसं किती, हा प्रश्न बऱ्याचदा मोठा असतो. विमानाची एक फेरी टाळणं हे कित्येक वर्षांच्या पिशव्यांपेक्षा जड आहे, तेव्हा रातराणी किंवा रेल्वेनं जमत असेल तिथे जमवा.

ताटाबद्दल थोडक्यात: रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून मिथेन हा हवा तापवणारा वायू निघतो, म्हणून मटण सर्वांत जड, कोंबडी आणि अंडी बरीच हलकी, डाळ सर्वांत हलकी. दूधही याच हिशेबात येतं. टाकलेलं अन्न कचरा डेपोत दबून कुजलं की तिथूनही मिथेनच निघतो. ओला कचरा घरी किंवा इमारतीत जिरवण्याचं खरं कारण हे आहे.

मोबाइलच्या आयुष्यातला बहुतांश कार्बन तो तुमच्या हातात येण्याआधीच कारखान्यात निघालेला असतो. बॅटरी बदलून आणखी दोन वर्षं वापरणं हे कोणत्याही ‘हिरव्या’ नव्या फोनपेक्षा बरं. पंखा बदला, मोबाइल बदलू नका, हा विसंगत सल्ला नाही. जी वस्तू चालताना जास्त खाते ती लवकर बदलायची, जी बनताना जास्त खाते ती शेवटपर्यंत वापरायची.

‘पर्यावरणपूरक’ लिहिलेलं असेल तर

ग्राहकाच्या हातात खरा अधिकार इथे आहे आणि तो फार कमी वापरला जातो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये हिरव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’, ‘क्लीन’ असे मोघम शब्द नुसते वापरता येत नाहीत. दावा पूर्ण वस्तूबद्दल आहे की फक्त वेष्टनाबद्दल, हे सांगावं लागतं आणि पुरावा ग्राहकाला मिळेल असा द्यावा लागतो, उदाहरणार्थ क्यूआर कोडवर.

दुकानात वस्तू हातात घेतली की दावा नेमका कशाचा आहे ते बघा. बाटली ‘रिसायकलेबल’ असेल, आतलं रसायन नव्हे. मग कोड स्कॅन करा. जाहिरातीचंच पान उघडलं आणि कोणतीही चाचणी, प्रमाणपत्र किंवा आकडा दिसला नाही, तर दावा पोकळ आहे. त्याचा आणि वेष्टनाचा फोटो काढा, बिल जपा, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. ‘तुमची वस्तू वाईट आहे’ असं लिहू नका. ‘वेष्टनावर अमुक शब्द आहेत, त्याचा पुरावा कोडवर नाही’ एवढंच लिहा.

‘कंपोस्टेबल’ पिशव्यांवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक छापलेला हवा. नसेल तर ते साधं प्लास्टिक समजा. क्रमांक असला तरी ती पिशवी कुंडीतल्या खतात विरघळत नाही. तिला मोठ्या प्रकल्पातली, अठ्ठावन्न अंशांच्या आसपासची, टिकून राहणारी उष्णता लागते. घरच्या कंपोस्टमध्ये वर्षानं उकरलं तर तुकडे तसेच सापडतात. ‘ऑक्सो-बायोडिग्रेडेबल’ तर घेऊच नका, त्या फक्त बारीक तुकड्यांत फुटतात.

‘सगळं कंपन्यांचंच पाप’ असं कोणी म्हणालं तर

हे अर्धं खरं आहे, आणि खरा अर्धा भाग आपण मान्य केला पाहिजे. अमेरिकेत १९५३ मध्ये ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही स्वच्छतेची मोहीम सुरू झाली तेव्हा तिच्यामागे वेष्टन आणि पेयांच्या कंपन्या होत्या. तिची १९७१ ची रडणाऱ्या आदिवासी माणसाची जाहिरात कचऱ्याचा दोष टाकणाऱ्या माणसावर ठेवत होती. बाटली एकदाच वापरायची कोणी ठरवली, हा प्रश्न त्यात नव्हता. व्यक्तीच्या कार्बन पाऊलखुणा मोजायचं गणकयंत्र २००४ मध्ये लोकप्रिय केलं ते बीपी या तेल कंपनीनं. म्हणजे ‘तूच जबाबदार’ ही भाषा कुणाच्या तरी सोयीची होती आणि आहे.

पण ‘१०० कंपन्या ७१ टक्के प्रदूषण करतात’ हे वाक्य पुढे ढकलण्याआधी तो आकडा नीट वाचा. २०१७ च्या कार्बन मेजर्स अहवालातला तो आकडा कोळसा, तेल आणि वायू काढणाऱ्यांचा आहे आणि १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंबद्दल आहे. त्यातला जवळपास ९० टक्के भाग ते इंधन पुढे कोणीतरी जाळलं तेव्हा निघाला. जाळणाऱ्यांत वीज केंद्रं आली, ट्रक आले आणि आपली स्कूटरही आली. कंपनी आणि ग्राहक असे दोन वेगळे ढीग त्यात नाहीत.

भारतात वर्षाला माणशी उत्सर्जन सुमारे दोन टन, जगाची सरासरी साडेचारच्या वर, अमेरिकेत चौदाच्या आसपास. त्यामुळे चाळीत राहणाऱ्या, एक पंखा आणि एक सिलिंडर असलेल्या घराला काटकसरीचं व्याख्यान देणं अन्यायाचं आहे. वरची वही एसी, कार आणि विमान असलेल्या घरांसाठी आहे. त्यांनी ती स्वतःसाठी लिहावी, दुसऱ्याला सुनावायला नाही.

घराबाहेर: एक ठराव, एक हरकत

घरात सगळं मन लावून केलं तरी नमुन्यातल्या घराचे पावणेचार टन फार तर अडीचवर येतील. इमारतीच्या गच्चीवर १० किलोवॅटचे सौर पॅनेल बसले, तर दिवसाला सरासरी ४० युनिट, वर्षाला सुमारे १४,००० युनिट, म्हणजे जवळजवळ १० टन. तेवढ्याला एक मंजूर ठराव पुरतो.

तो मंजूर करून घ्यायचा तर सामायिक मीटरची बारा महिन्यांची युनिटं आधी काढा: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. किलोवॅटमागे गच्चीवर साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. डिसेंबरात सकाळी नऊ आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन टाकीची आणि शेजारच्या इमारतीची सावली कुठे पडते ते खडूनं आखा. पावसाळ्यात पाहणी केली की हा अंदाज हमखास चुकतो. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक सुविधांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. गच्चीवरून ग्रिडला दिलेली वीज वापरातून वजा करणारं नेट मीटर घेताना मंजूर भार, म्हणजे जोडणीला मंजूर झालेले किलोवॅट, पाहिला जातो, म्हणून बिलावरचा तो आकडाही लिहून ठेवा. 

वार्षिक सभेची सूचना १४ दिवस आधी निघते, तेव्हा विषय त्याआधीच सचिवांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ यात हा खर्चाचा ठराव टिकत नाही. तीन कोटेशन आणि पहिल्या वर्षाच्या बचतीचा आकडा एका पानावर छापून आणा. वाद नेहमी गच्चीच्या वापरावर होतो, म्हणून वाळवणाला आणि दोऱ्यांना किती जागा उरते ते त्याच पानावर नकाशात दाखवा.

परिसरात मोठा प्रकल्प येत असेल, तर २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेनुसार होणारी जनसुनावणी गाठा. सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते आणि अहवालाचा सारांश मराठीतही उपलब्ध करावा लागतो. पूर्ण अहवाल वाचायला वेळ नसेल तर पाणी कुठून आणि किती, सांडपाणी कुठे सोडणार, राख किंवा माती कुठे टाकणार, हे तीन भाग तरी वाचा. हरकत लेखी द्या, पानाचा क्रमांक घालून द्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात पोच घ्या. ‘आमच्या गावाचं वाटोळं होईल’ हे वाक्य इतिवृत्तात एका ओळीत संपतं. ‘पान अमुकवर विहिरींची पातळी फक्त पावसाळ्यानंतरची आहे, मे महिन्याची मोजणी का नाही?’ याला प्रकल्पवाल्यांना उत्तर द्यावं लागतं.

शेवटी थांबा. सुनावणी संपताना इतिवृत्ताचा गोषवारा तिथेच मराठीत वाचून दाखवला गेला पाहिजे आणि त्यानंतर त्यावर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीची सही होते. लोक जेवणाच्या वेळेला निघून जातात आणि नेमक्या त्या वेळी हरकती गाळलेल्या कोणाच्या लक्षात येत नाहीत. आपला मुद्दा वाचला गेला नाही तर सहीच्या आधी उठून तो घालायला सांगा.